ज्या वर्षी मतमाउलीची यात्रा भरली नाही

रविवार, 22 मार्च 2020. तुम्ही तेलगावच्या चौकात उभे आहात. बीडहून परळीला जाणारा रस्ता नजर जाईल तिथवर मोकळा आहे. धारूर-माजलगाव रस्त्यावरही एक जीप नाही की उसाचा एक ट्रॅक्टर नाही. टपऱ्यांवर ताडपत्र्या आवळून बांधलेल्या, शटरं खाली. आज जनता कर्फ्यू आहे. पाच वाजता गच्च्यांवरून थाळ्या वाजतील आणि तीन दिवसांनी अख्खा देश बंद होईल. पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी इथल्या देवळांचे दरवाजे याच आठवड्यात लागले. देव आत आणि माणसं बाहेर, हे चित्र तुमच्या पिढीने कधी पाहिलेलं नाही.

या गावातली कितीतरी माणसं आज गावात नाहीत. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेल्या जोड्या अजून दूरच्या कारखान्यांच्या फडावर आहेत, कोपीत झोपताहेत, घरी कधी जायला मिळेल ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या मागोमाग निघा. काळातून जाणाऱ्याला पोलिसांचा पास लागत नाही. माजलगाव, गेवराई, शेवगाव मागे टाका. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो खांब आहे, त्यालाही आज कुलपाआडूनच नमस्कार करा. प्रवरा ओलांडून श्रीरामपूर तालुक्यात शिरा. समोर हरेगाव आहे. इथेही ऊस आहे, बेलापूर कंपनीच्या बंद पडलेल्या जुन्या साखर कारखान्याच्या खुणा आहेत आणि संत तेरेजा चर्च आहे. मराठवाड्यातले कॅथलिक दर सप्टेंबरात ज्या माउलीला नवस फेडायला येतात, ती मतमाउली, म्हणजे येशूची आई मरिया, इथली.

आता तारीख थोडी पुढे सरकवा. 9 एप्रिल, पवित्र गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजलेत. परिसरातल्या एका खेड्यात, पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात तुम्ही दाराशी बसला आहात. कोणी तुम्हाला पाहत नाही, पण तुम्हाला सगळं दिसतं. भिंतीलगत ज्वारीची पत्र्याची कोठी. तिच्यावर धुतलेला पांढरा टॉवेल, टॉवेलवर मरियेची छोटी मूर्ती, एक मेणबत्ती, आणि मूर्तीच्या पायथ्याला टेकवून ठेवलेला घरातला एकुलता एक स्मार्टफोन. पडद्यावर फादर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करताहेत. आवाज आधी पोचतो, ओठ मागून हलतात. मध्येच चित्र थांबतं आणि गोल चक्र फिरत राहतं.

“अरं, सरळ धर की तो मोबाइल. फादरचं डोकंच दिसंना,” आज्जी म्हणते.

“धरलाय गं आज्जी. रेंजच नाही.”

आज्जीने डोक्यावरून पदर घेतलाय. उभं राहायच्या वेळी ती उभी राहते, गुडघे टेकायच्या वेळी शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकते. समोर फक्त पाच इंचांचा पडदा आहे, पण चर्चमध्ये जे करायचं त्यातलं ती काही गाळत नाही. नातू भिंतीला टेकून बसला तेव्हा तिने नुसतं वळून पाहिलं. तोही गुडघ्यांवर आला.

या संध्याकाळी जगभरच्या चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. या वर्षी तो विधी कोणी करायचा नाही, असा आदेश 25 मार्चला रोमहून निघाला आहे. पवित्र साक्रामेंताची, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीची, मिरवणूकही नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चच्या अंगणात पेटवला जाणारा अग्नी नाही. पडद्यावरची मिस्सा म्हणूनच लवकर आटोपते. पण या घरात आज्जी उठते. पितळी परात आणि तांब्या घेते आणि सुनेला म्हणते, “बस खाटंवर.” सून गडबडून मागे सरते, “आत्याबाई, तुम्ही नका.” आज्जी ऐकत नाही. सुनेचे भेगाळलेले पाय परातीत घेते, पाणी ओतते, पदराने पुसते. ज्या समाजात सासूचे पाय सुनेने धुवायचे असतात, तिथे हे उलटं घडताना तुम्ही पाहताय. नातू मोबाइल बंद करायला विसरलाय. चर्चमधून गळलेला विधी या घरात झाला. त्यासाठी कोणाचा आदेश आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. एरवी क्रुसाची वाट गावातून, बांधांवरून निघते, चौदा ठिकाणी थांबते, मोठा क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेतला जातो. आज चौदाही थांबे घरातच, ओसरीपासून न्हाणीपर्यंत. दुपारच्या प्रार्थनांमध्ये रोमने या वर्षी एक जास्तीची विनंती घातली आहे: आजाऱ्यांसाठी, त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी.

रोमकडे एक नजर टाका, पण तिथे जास्त थांबू नका. 27 मार्चची संध्याकाळ. पाऊस पडतोय. लाखभर माणसांनी भरणाऱ्या संत पीटर चौकात पोप फ्रान्सिस एकटे चढ चढताहेत. समोर संत मार्चेल्लो चर्चमधला लाकडी क्रूस आहे. 1522 च्या प्लेगमध्ये रोमकरांनी हाच क्रूस खांद्यावर घेऊन शहरभर फिरवला होता. तेव्हा साथ आली की लोक एकत्र जमायचे. आता साथ कशाने पसरते ते कळलंय, म्हणून क्रूस आहे आणि गर्दी नाही. मिलानजवळच्या रोब्बियानो गावात फादर जुझेप्पे कोर्बारी यांनी आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, कुटुंबांचे फोटो मागवून चर्चच्या रिकाम्या बाकांवर लावले आणि त्या फोटोंसमोर मिस्सा अर्पण केली. वेदीपाशी उभं राहून रिकाम्या बाकांकडे पाहणं धर्मगुरूलाही सोसत नव्हतं, एवढंच त्यातून ध्यानात घ्या.

परत त्या पत्र्याच्या घरात या. 12 एप्रिल, ईस्टर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर या घराचं दुःख तुमच्या हाती लागणार नाही. तुम्ही म्हणाल, आमच्याकडेही देवळं बंद होती, आम्ही टीव्हीवर आरती पाहिली, विठ्ठलाचं मुखदर्शन मोबाइलवर घेतलं, मग यांचं वेगळं काय? दर्शन डोळ्यांनी घेता येतं, ते पडद्यातून थोडंफार पोचतं. मिस्सा ही खायची गोष्ट आहे. वेदीवरच्या भाकरीत ख्रिस्त स्वतः येतो आणि ती भाकर तोंडात घ्यायची, हा तिचा गाभा आहे. ती रेंजवरून येत नाही. कॅथलिकाने वर्षातून निदान एकदा, तेही ईस्टरच्या काळात, ही भाकर घेतलीच पाहिजे, असा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून चालत आला आहे. नेमका तोच काळ बंद पडला. पडद्यावर फादर भाकर उंच धरतात, आज्जी हात जोडते आणि तिचे ओठ किंचित उघडतात. साठ-पासष्ट वर्षांची सवय आहे ती. मग ते मिटतात. फादर मनोमन कम्युनियनची, म्हणजे भाकर मनातच घेण्याची, प्रार्थना सांगताहेत: प्रभू, आज तुला प्रत्यक्ष घेता येत नाही, निदान मनात ये. आज्जी मागोमाग पुटपुटते. तिचं समाधान झालेलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि माझ्या मते तिचं बरोबर आहे.

पोपनाही तेच वाटत होतं. 17 एप्रिलच्या सकाळच्या प्रवचनात त्यांनी बजावलं की, पडद्यावरची मंडळी म्हणजे खरी मंडळी नव्हे. ही बोगद्यातली वाट आहे, बाहेर पडण्यासाठीची, कायम राहण्यासाठीची नाही. त्याच 17 एप्रिलला महाराष्ट्र सरकारने कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना घरी परतायची परवानगी दिली. लाखाहून जास्त माणसं होती ती, आणि त्यांत बीड जिल्ह्यातली फार मोठ्या संख्येने. ज्यांच्या मागोमाग तुम्ही तेलगावहून निघालात, ते आता ट्रकमध्ये भांडीकुंडी आणि लेकरं घालून उलट दिशेने निघालेत. तुम्ही अजून थांबा.

कारण आता बरंच मागे जायचंय, एकोणिसावं शतक सरताना. हाच मुलूख, पण आजच्यासारखे कालवे नाहीत, एवढा ऊस नाही, दुष्काळ मात्र आहे. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळाच्या मागेच राहुरी तालुक्यातल्या केंदळला जेझुइट फादर आले आणि तिथून मिशन पसरलं. गावकुसाबाहेरच्या माणसांनी ते जवळ केलं. तुम्ही त्या वस्तीतल्या एका छपरात बसला आहात. फादर घोड्यावरून येतात, पण त्यांच्या वाट्याला एवढी गावं आहेत की या वस्तीची पाळी कित्येक आठवड्यांनी येते. पावसाळ्यात ओढे भरले की तेही नाही. मग इथला धर्म कोण चालवतं? मास्तर. दिवसा पोरांना मुळाक्षरं शिकवणारा, संध्याकाळी दिवा लावून वस्तीला प्रार्थना म्हणायला लावणारा, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा साधा संसारी माणूस. टाळ आहेत, भजनाची चाल आहे, जपाची माळ आहे. मिस्सा नाही. ती कधी मिळेल याची वाट पाहणं आहे.

म्हणून मी तुम्हाला इथवर आणलं. 2020 मध्ये अनेकांनी म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. शहरातल्या, घरासमोर चर्च असलेल्या कॅथलिकांसाठी ते खरं असेल. नगर-मराठवाड्याच्या खेड्यांतला कॅथलिक धर्म मात्र वाढलाच मुळी फादर रोज हाताशी नसताना. घरातली संध्याकाळची माळ, म्हातारीला पाठ असलेल्या प्रार्थना, मास्तरने लावलेलं वळण यांवर तो उभा राहिला. दार लागल्यावर या घरांना नवं काही शोधावं लागलं नाही. पणजोबांची रीत पुन्हा वर आली. पाय धुणाऱ्या आज्जीला ती कोणी शिकवली असेल, ते या छपरात बसल्यावर उमगतं.

आता सप्टेंबर 2020.

आधी भरलेली यात्रा पाहा, म्हणजे न भरलेली कळेल. 1949 पासून हरेगावात मतमाउलीची यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. यात्रेआधी नऊ दिवस नोव्हेना, रोज प्रवचन, पापनिवेदनाच्या रांगा. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेंपो, जादा एसट्या, आणि अनवाणी चालत येणारे जथे. नाशिक, पुणे, औरंगाबाद, जालना, बीड, कुठून कुठून माणसं. माउलीपुढे मेणबत्त्या वितळून वितळून मेणाचा थर साचतो. बाहेर पाळणे, भेळ, बांगड्या, जिलबीच्या कढया. आलेल्यांत सगळेच ख्रिस्ती नसतात. लेकरू होऊ दे, पोरगी नांदायला परत जाऊ दे, असं मागणाऱ्या बाईला माउली जात विचारत नाही. आणि त्या गर्दीत जे दर वर्षी घडतं ते पाहुण्याच्या लक्षात येत नाही: वर्षभर पांगलेली नाती इथे भेटतात. ऊस तोडायला, गवंडीकामाला, पुण्या-मुंबईला घरकामाला गेलेल्या बहिणी इथे एकमेकींना मिठी मारतात. लग्नं जमतात. कोण गेलं, कोण जन्मलं ते कळतं.

2020 च्या सप्टेंबरात यांतलं काहीच नाही. प्रार्थनास्थळं बंद, जमाव बंद. जूनअखेरीस ज्ञानेश्वर माउलींच्या, तुकोबांच्या आणि पैठणहून नाथांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, वाटेवरची गावं सुनीच राहिली, ते तुम्ही बीड जिल्ह्यात राहून पाहिलंयच. इथेही तसंच. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा नाही, तमिळनाडूत वेलंकणीला भाविक नाहीत. हरेगावच्या रस्त्यावर दुतर्फा लागणारी दुकानं नाहीत, आणि यात्रेतल्या कमाईवर पुढचे दिवस काढणारा पाळणेवाला यंदा कुठे आहे, त्याची चौकशी कोणी केलेली नाही. नवस बोललेली बाई आपल्या गावातच माउलीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते आणि सांगते, “माय, पुढल्या साली येते.”

पुढल्या सालीही जमलं नाही. 16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. सॅनिटायझर, अंतर सोडून बसणं, भाकर फक्त हातावर. आज्जीला ती त्या दिवसांत कधीतरी मिळाली. 4 एप्रिल 2021 ला ईस्टर झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून दारं पुन्हा लागली. या लाटेत माणसं घराघरांतून गेली. देशभरात शेकडो धर्मगुरू आणि सिस्टर्स गेल्या. ज्याला उशाशी फादर हवे होते, आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून घ्यायचं होतं, तो व्हेंटिलेटरवर एकटा गेला. मातीला वीस माणसांची मर्यादा. घरच्यांनी दुरून हात जोडले. बंदीतल्या सगळ्या उणिवांमध्ये ही मला सर्वांत मोठी वाटते. मिस्सा पुढे कधीतरी मिळाली, मरणाऱ्याची ती घटका पुन्हा आली नाही. 2021 चा सप्टेंबरही यात्रेविना गेला. दारं उघडली 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी.

आता तुम्ही आजच्या तारखेला, तेलगावच्या चौकात परत या. रस्ता वाहतोय. यात्रा पुन्हा भरते आहे.

प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत जाड नोंदवह्या असतात. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, सगळं तारीखवार. 2020 आणि 2021 ची पानं त्यांत आहेत. पण ज्वारीच्या कोठीवर झालेली मिस्सा, परातीत धुतलेले पाय, ओसरीतले चौदा थांबे यांची नोंद त्यांत कुठे नाही. धर्मग्रामांनी, विशेषतः तिथल्या शिकलेल्या तरुणांनी, हे काम हाती घ्यावं. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल तर तिथल्या म्हातारीपाशी वही घेऊन बसा, त्या महिन्यांत तुम्ही काय काय केलंत ते विचारा आणि ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. हे काम याच वर्षी करा.