डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आला कुठून?

थंडी पडली की गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळी खूण उजळते. घोड्याच्या नालेसारखी, मध्ये उद्गारचिन्ह. आज तिचा इतिहास ऐका. इलेक्ट्रिक गाडीच्या स्क्रीनवरचे टायरचे चार आकडे त्यानंतर वेगळेच दिसतील.

१९८० च्या दशकात पोर्शे ९५९ या गाडीत टायरचा दाब मोजायची सोय होती, पण ती श्रीमंतांची चैन. सगळ्यांच्या गाडीत ती आली अपघातांमुळे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोररला लावलेले. धावत्या टायरचा वरचा थर सुटायचा, गाडी उलटायची. मृतांचा सरकारी आकडा पुढे २७१ वर गेला. फोर्डने हवा २६ पीएसआय सांगितलेली, फायरस्टोन म्हणे ३० हवी. दोघांची चांगलीच जुंपली.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ट्रेड कायद्यावर सही केली: हवा फार कमी झाली तर गाडीने सांगायला हवं. फार म्हणजे किती, यावर मात्र पुढे पाच वर्षं गेली. कंपन्यांना स्वस्त पद्धत हवी होती: हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त फिरतं, ते ब्रेकच्या सेन्सरनेच ओळखायचं. पण चारही टायर सारखेच बसले तर? त्या पद्धतीला पत्ताच लागायचा नाही. पब्लिक सिटिझन ही ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ती पळवाट बंद केली. २००५ मध्ये नवा नियम आला आणि १ सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना तो सरसकट लागू झाला.

आता नियमातली मेख पाहा. शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर दिवा लागलाच पाहिजे. त्याआधी लागण्याची सक्ती नाही. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड, म्हणून दाबही बहुधा जास्त. दारावरच्या स्टिकरवर ४२ असेल, तर गाडी साडेएकतीसपर्यंत गप्प बसू शकते. म्हणजे ३४ वर दिवा नाही, म्हणून सगळं ठीक असं नाही. आकडे दाखवा असं कायदा म्हणतच नाही. स्क्रीनवर ते दिसतात हा आपला फायदा, तर तो घ्या.

आकडा पाहायचा तो गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. धावून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हा हवा काढू नका. उलट ७० फॅरनहाइटवरून तापमान ३० वर आलं, की चारही आकडे साधारण चारने उतरतात. ती थंडी, पंक्चर नव्हे. हवा मात्र भरायचीच. एकच आकडा रोज घसरत असेल तर खिळा शोधा, कारण पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते.

आणि दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड यंत्रणेतच आहे. जुन्या गाडीत बहुधा सेन्सरची बॅटरी संपलेली असते.