न्गेगे : एका माशाची बखर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तह आणि तख्ते उभी राहतात. वर्गात मीही मुलांना तेच शिकवीत असतो. परंतु माशालाही इतिहास असतो आणि त्यातही राज्यकर्ते, व्यापारी नि सरकारी हुकूम येतात, असे सांगितले तर फराळाच्या ताटाभोवती बसलेली मंडळी हसतील. खुशाल हसावे, पण आधी ही लहानशी बखर ऐकावी.

पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया नावाचे सरोवर आहे. विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर; तळे कसले, समुद्रच तो! इंग्रज प्रवासी स्पीक १८५८ साली त्याच्या काठी पोचला आणि त्याने आपल्या राणीचे नाव त्याला देऊन टाकले. काठच्या लुओ लोकांचे स्वतःचे नाव होतेच : नाम लोल्वे. या लोकांच्या ताटातला मानाचा मासा म्हणजे न्गेगे.

या माशाची रीत मोठी हृद्य. नर तळाच्या मातीत खळगा करतो; मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. अंडी तिथेच फुटतात, पिले तिथेच वाढतात. पुढे ती बाहेर हिंडू लागली, तरी भय वाटताच आईच्या तोंडात शिरतात. एवढे दिवस ती माउली जवळजवळ उपाशीच. पण तोंडात मावून मावणार किती? काही शेकडा. इतर मासे लाखांनी अंडी टाकून मोकळे होतात. हिची पिले थोडी, पण जपलेली. लुओ लोक पपायरसच्या लव्हाळ्यांची जाळी व सापळे वापरीत. त्यांनी मासा मिळे, पण तळे रिते होत नसे.

१९०१ साली मोंबासाहून निघालेली आगगाडी सरोवराच्या काठी पोचली. त्या रुळांशी आपलाही संबंध आहे. ते घालण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांतले सुमारे अडीच हजार तिकडेच मातीला मिळाले. रुळांमागून बाजार आला आणि १९०५ साली जवसाच्या सुताची, कल्ल्यांत अडकवणारी जाळी आली. प्रारंभी एकेका जाळ्यात मासे मावत ना. वीस-बावीस वर्षांतच तीच जाळी हलकी येऊ लागली.

तेव्हा सरकारने मायकेल ग्रॅहॅम या शास्त्रज्ञास पाचारण केले. १९२७-२८ साली त्याने सरोवराची पाहणी केली आणि न्गेगेला शास्त्रीय नावही त्यानेच दिले : एस्क्युलेंटस, म्हणजे खाण्याजोगा. त्याचा सल्ला साधा होता. जाळ्याची भोके पाच इंचांहून लहान नसावीत, म्हणजे कोवळा मासा निसटेल आणि एकदा तरी आई होईल. बाहेरचा मोठा शिकारी मासा पुरत्या अभ्यासावाचून येथे सोडणे अत्यंत धोक्याचे, हेही त्याने बजावले.

पाच इंचांचा नियम झाला. पण पाळणारे थोडे, पाहणारे त्याहून थोडे. १९५० नंतरच्या दशकात तो उठवण्यातही आला. भोके लहान झाली. आई होण्याआधीच न्गेगे बाजारात जाऊ लागली. आणि अंडी तोंडात असलेली एक मादी अडकली, की तिच्यासह सारा वंशच बुडे. तूट भरून काढण्यासाठी नाईल तिलापिया आणून सोडला. त्याने तिची जागा घेतली, शिवाय संकरही होऊ लागला. त्याच दशकात नाईल पर्च हा माणसाएवढा वाढणारा शिकारी मासाही पाण्यात आला. जेफ्री फ्रायरसारख्या शास्त्रज्ञाने १९६० साली जाहीर विरोध केला, तरी पुढे तो उघडपणे सोडलाच. १९८० नंतर त्याचे पीक आले. परदेशी चलन आले, कारखाने निघाले; आणि तळ्यातल्या शेकडो लहान जाती नाहीशा झाल्या.

आता सारा दोष पर्चच्या माथी मारण्याची चाल आहे. मला तो न्याय वाटत नाही. पर्चचा सुकाळ होण्यापूर्वीच न्गेगेची कंबर मोडली होती, आणि ती मोडली माणसाच्या घाईने. किल्ल्याचा बुरूज आधी आतून पोखरला जातो. शत्रू नंतर येतो.

तरी वंश उरला आहे. केनियातील यालाच्या दलदलीमागे कान्याबोली नावाचे छोटे तळे आहे. पपायरसच्या दाट कुंपणाआड न्गेगे तिथे अजून नांदते.

आपल्या बाजारात चिलापी म्हणून मिळणारे मासे याच कुळातले. त्यांतली मोझांबिकची जात १९५२ साली हिंदुस्थानात आणली. तीही तोंडातच पिले सांभाळते. पण इथे ती पाहुणी, आणि आपल्या देशी माशांच्या पोटावर तिचा पाय पडतो. एका घरची उपाशी माउली दुसऱ्या घरी दांडगी होऊन बसते, यात दोष तिचा नाही. तिला उचलून नेणाऱ्या हाताने विचार केला होता का, एवढेच इतिहासाने विचारायचे असते.