चिलखत कुणाच्या अंगावर?

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत. सणावारी, निवडणुकीत बंदोबस्ताला येणारे राखीव दलाचे जवान हेल्मेट, ढाल, छातीकवच घालून नाक्यावर उभे राहतात. आम्ही त्यांच्याकडे कधी भरवशाने, कधी धास्तीने पाहतो. पण त्या कवचाचा इतिहास आम्ही क्वचितच पाहतो. त्याची निम्मी भाषा तर आपल्या घरातली आहे.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शस्त्रागाराची यादी आहे. तीत जिरह, बख्तर, जोशन, चार-आईना, चिहलकद अशी नावे आढळतात. जिरह म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला सदरा. बख्तरात कड्यांच्या जोडीला पोलादी पट्ट्या. चार-आईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर बांधायचे चार पत्रे. याखेरीज कापसाचे थर शिवून केलेला जाड डगला असे. कड्यांनी तलवारीचा वार अडे, पण दणका आत पोचे. म्हणून जिरहखाली असा डगला घालीत. या कड्या फोडण्यासाठीच पेशकब्जचे टोक जाड व कणखर घडवले जाई. कवच सुधारले की हत्यारही सुधारते, हा इतिहासाचा जुना शिरस्ता.

दौंड तालुक्याला लागून, भीमेपलीकडे पेडगावचा बहादूरगड आहे. ही मुघलांची मोठी छावणी. अशा छावण्यांत चिलखत मिरवीत ते मनसबदार आणि त्यांचे निवडक स्वार. पायदळाला जाड डगला मिळाला तरी पुष्कळ. मराठी फौजेतही शिलेदार घोडा व हत्यारे स्वतःची आणी, बारगिराला ती सरकारातून मिळत. शिलेदार हा शब्दही ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र यावरूनच आला. ज्याची ऐपत, त्याचे चिलखत. मजहब कोणताही असो, गरीब शिपायाची छाती उघडीच.

पुढे बंदुकीने कड्यांचे दिवस संपवले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून सुमारे आठशे माणसे घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी शिरूर तालुक्यातल्याच कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. कंपनीच्या तुकडीत महार, मराठे, रजपूत, मुसलमान असे सारे होते. समोर अरब, गोसावी, मराठे. कंपनीच्या शिपायाच्या अंगात लोखंड नव्हते, कापडी डगला होता. आडोसा काय तो गावातल्या घरांच्या भिंतींचा. त्या एका दिवसात कंपनीची पावणेतीनशेच्या आसपास माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली.

विसाव्या शतकात चिलखत परतले, ते धाग्याचे होऊन. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत केवलारचा शोध लावला. त्याच्या कापडाचे अनेक थर पिस्तुलाची गोळी पकडून तिचा जोर पसरवतात. रायफलीच्या गोळीला ते पुरत नाहीत. त्यासाठी सिरॅमिक, पोलाद किंवा पॉलिथिलीनची कडक पाटी लागते. सुरीसाठीचे कवच वेगळे, दगडासाठीचे वेगळे. दंगलीतली पारदर्शक ढाल दगड अडवते, गोळी नव्हे. सर्वांना एकाच नावाने ‘बुलेटप्रूफ’ म्हणणे ही चूक जिवावर बेतू शकते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे शहीद झाले. त्यांचे जाकीट नंतर सापडेना, तेव्हा त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात जाब विचारला. अशा जाकिटांसाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आले ते २०१८ मध्ये. इतक्या मोठ्या अधिकाऱ्याच्या जाकिटाबद्दल प्रश्न पडत असतील, तर साध्या हवालदाराच्या जाकिटाबद्दल कोण विचारणार?

म्हणून नाक्यावरचा जवान दिसला की आम्ही आता आधी त्याचे कवच पाहतो. ते खरे आहे का, मापाचे आहे का, मुदतीतले आहे का? तो कुणाचा तरी मुलगा आहे. त्याची छाती झाकलेली असावी, आणि त्याच्यासमोर उभी असलेली आमचीही सुरक्षित राहावी, एवढेच मागणे.