चाळीस वर्षांचे वैर आणि त्याचे साक्षीदार

भांडण दोघांचे असते, पण त्याची आठवण ठेवतो तो शेजार. बांधावरून किंवा वाटणीवरून चाललेली भाऊबंदकी आपल्या भागाला नवी नाही. मूळ भांडणारी माणसे केव्हाच गेलेली असतात आणि कोण कोणाला काय बोलले हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही. गल्लीतली एखादी म्हातारी मात्र सारे क्रमवार सांगते. अमेरिकेतील दुपारच्या मालिकांचा इतिहास पाहताना ही म्हातारी वारंवार आठवते. तिथली वैरे लेखकांनी रचली, नटनट्यांनी वठवली आणि साबणाच्या कंपन्यांनी त्यांचा खर्च सोसला. ती वर्षानुवर्षे जतन केली ती मात्र प्रेक्षकांनी, आणि त्यातही दुपारी घरी असणाऱ्या बायकांनी.

या प्रकाराचा उगम रेडिओवर झाला. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावरून ‘पेंटेड ड्रीम्स’ ही श्रुतिका सुरू झाली. तिची लेखिका आयर्ना फिलिप्स ही पूर्वाश्रमीची शिक्षिका. दुपारी घरकाम करताना बायका रेडिओ ऐकतात हे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने हेरले आणि १९३३ पासून ‘मा पर्किन्स’ या श्रुतिकेतून आपली धुण्याची पावडर खपवली. साबणवाल्यांच्या या कथांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. त्यात कौतुकापेक्षा हेटाळणीच अधिक होती. फिलिप्सबाईंची ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ मध्ये संपली. बहात्तर वर्षे चाललेली ही एकच कथा! आजीने ऐकायला घेतलेली गोष्ट नातीच्या संसारापर्यंत पुरली.

आठवड्याचे पाच दिवस कथा पुढे न्यायची तर तिला संपणे परवडत नाही. प्रेमकथेची अडचण अशी की लग्न लागले की ती संपते. वैराला असा शेवट नसतो. समेट झाला तरी जुना सल उरतो आणि एखाद्या लग्नात, बारशात किंवा मृत्युपत्राच्या वाचनात तो पुन्हा वर येतो. म्हणून या मालिकांचा खरा कणा प्रेम नसून वैर हाच राहिला.

प्रेक्षक ते किती मनावर घेत याचा एक दाखला आहे. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ या १९५६ साली सुरू झालेल्या मालिकेत आयलीन फुल्टन ही अभिनेत्री १९६० पासून लिसा या कारस्थानी बाईचे काम करीत होती. रस्त्यात एका अनोळखी बाईने आपल्याला ती भूमिका समजून थप्पड मारल्याचा प्रसंग फुल्टनने स्वतःच सांगितला आहे. आपल्याकडे खलनायकाला शिव्याशाप देणारा तंबूतला प्रेक्षक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

या साऱ्या वैरांत ‘द यंग अँड द रेस्टलेस’ मधील कॅथरीन आणि जिल यांचे वैर विशेष गाजले. विल्यम बेल आणि ली फिलिप बेल या दांपत्याने ही मालिका २६ मार्च १९७३ रोजी सुरू केली. लेखनाचे धडे बेल यांनी आयर्ना फिलिप्सच्याच हाताखाली गिरवले होते. जिल ही गरीब घरची, केशरचनेच्या दुकानात काम करणारी मुलगी. कॅथरीन चॅन्सेलर ही श्रीमंत, एकाकी आणि दारूच्या आहारी गेलेली बाई. तिने जिलला सोबतीसाठी पगारावर वाड्यात आणले आणि तिचा नवरा फिलिप जिलच्या प्रेमात पडला. जिलला दिवस गेले. नशेत असलेल्या कॅथरीनने घटस्फोटाच्या कागदावर सही केली. परदेशातून घटस्फोट घेऊन परतलेल्या फिलिपला आणायला ती विमानतळावर गेली. आणखी एक संधी दे म्हणून तिने विनवले आणि तो ऐकेना तेव्हा मोटार कड्यावरून खाली घातली. ती वाचली. फिलिपने मृत्युशय्येवर जिलशी लग्न लावले आणि प्राण सोडला. पुढे सही नशेतली होती या कारणाने घटस्फोट बाद ठरला, म्हणजे लग्नही बाद ठरले!

इथे प्रेक्षकांचे दोन तट पडावेत हे स्वाभाविकच. कायद्याची पत्नी कॅथरीन, पण मरणाऱ्या माणसाची इच्छा जिलच्या बाजूने. एकीचे घर मोडले, दुसरीच्या पोटातल्या मुलाचे नाव गेले. व्यसनी बाईच्या सहीला किंमत किती? वाडा कोणाचा? स्वतःच्या घरी जे प्रश्न तोंडातून काढण्याची सोय नसते, ते या दोघींच्या नावाने शेजारणीशी उघडपणे बोलता येत. नवरा, सासर, मिळकत आणि दारू यांवरचे आपले मत सांगायला दुसऱ्याचे भांडण मोठे सोयीचे असते.

हे वैर माणसे बदलूनही टिकले. जिलचे काम एकामागून एक चार अभिनेत्रींनी केले. पहिली ब्रेंडा डिक्सन, आणि १९८७ पासून जेस वॉल्टन. कॅथरीन मात्र अखेरपर्यंत जीन कूपरच राहिली. १९८४ मध्ये कूपरने चेहऱ्यावरील सुरकुत्यांची शस्त्रक्रिया खरोखरच करवून घेतली आणि तिचे चित्रण कॅथरीनच्या कथेत दाखवले गेले. पुढे अर्धा वाडा जिलच्या नावे झाला आणि दोन वैरिणी एकाच छपराखाली राहू लागल्या. भाऊबंदकीत एकच पडवी वाटून घेणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

आता या साक्षीदारांकडे वळू. त्या काळी घरोघरी चित्रफितीचे यंत्र नव्हते. भाग चुकला तर मैत्रिणीला फोन करायचा एवढाच उपाय. ‘सोप ऑपेरा डायजेस्ट’ हे मासिक १९७५ मध्ये निघाले ते याच गरजेतून, चुकलेल्या भागांचा सारांश देण्यासाठी. वाहिन्यांना स्वतःला या कथांची किंमत नव्हती. सत्तरच्या दशकापर्यंतच्या अनेक मालिकांच्या फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित केले गेले. आज ते भाग कुठेच नाहीत. उरले ते लोकांच्या आठवणीत आणि त्यांच्या आपसांतील बोलण्यात. ज्यांना रिकामटेकड्या म्हणून हिणवले, त्याच या कथांच्या दप्तरदार ठरल्या.

दप्तरदार जागा असला की लेखकाला मनमानी करता येत नाही. २००३ मध्ये या मालिकेने जाहीर केले की जिल ही कॅथरीनचीच, जन्मतः दुरावलेली मुलगी! तीस वर्षांचे वैर एका फटक्यात मायलेकींचे झाले. पण मग जुन्या कथेतला तो नवरा, ते मूल, तो वाडा यांचा अर्थ काय लावायचा? ज्यांनी पहिल्यापासून पाहिले होते, त्यांच्या मनातला हिशोब जुळेना. अखेर २००९ मध्ये रक्ताच्या नव्या चाचणीने ते नाते खोटे ठरवले. नाते गेले, पण त्या सहा वर्षांत रुजलेला जिव्हाळा दोघींच्या वागण्यात राहून गेला. वैराच्या लांब प्रवासात मैत्रीही उगवते, हे कथेने फार उशिरा पण खरे सांगितले.

आपल्याकडे ही परंपरा उपग्रहावरून आली. नव्वदच्या दशकारंभी स्टार प्लसवर बेल दांपत्याचीच ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ दिसू लागली आणि स्टेफनी व ब्रूक यांचे वैर इथल्या शहरी घरांत पोचले. १९९४ मध्ये दूरदर्शनवर दुपारची ‘शांती’ सुरू झाली. तीत आईवरील अन्यायाचा जाब मागणारी मुलगी होती. हैदराबादच्या रामोजी समूहाच्या ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ या काळात ‘चार दिवस सासूचे’ चालली. ती दुपारची नव्हती, पण तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या त्या सासू-सुनेच्या जोडीने महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनाही रोजचा एक समान विषय दिला. अन्य भाषेच्या शेजारात राहणाऱ्या घराला असा विषय किती मोलाचा असतो, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

८ मे २०१३ रोजी जीन कूपर गेली. मालिकेत कॅथरीनलाही निरोप द्यावा लागला आणि चाळीस वर्षांचे ते वैर संपले. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ त्याआधीच, २०१० मध्ये बंद झाली होती. दुपारी घरी असणाऱ्या बायका कामावर जाऊ लागल्या आणि साबणवाल्यांनाही दुसरी दारे सापडली. ‘द यंग अँड द रेस्टलेस’ अजून चालू आहे, वाडाही तिथेच आहे. पण त्या कड्यावरच्या मोटारीपासूनची हकिगत प्रथमपासून सांगू शकणाऱ्या बायका आता वृद्ध झाल्या आहेत. वाहिन्यांनी फिती पुसल्या तेव्हा त्यांनी आठवण राखली. त्यांचे बोलणे कोणी टिपून ठेवले नाही, तर इतिहासाचे ते पान दुसऱ्यांदा पुसले जाईल.