जिनिंगपासून डाळ मिलपर्यंत : कारखान्यात हवा कशी राबते?

वाशीम : दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात येऊ लागला, की कारंजा, मंगरूळपीर परिसरातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना जाग येते. त्याच सुमारास सोयाबीनची आवक असते आणि पुढे तुरीचा हंगाम सुरू होतो. या तिन्ही पिकांच्या प्रक्रियेत विजेइतकेच राबणारे, पण सहसा नजरेस न पडणारे एक साधन आहे, ते म्हणजे हवा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेला तंत्रज्ञ 'न्यूमॅटिक' यंत्रणा म्हणतात. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मोठे उद्योग फारसे नाहीत. त्यामुळे जिल्ह्यातील तरुणाची या तंत्राशी पहिली गाठ बहुधा जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये अथवा आयटीआयच्या कार्यशाळेत पडते.

मुळात एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. जिनिंगमध्ये ढिगातील कापूस नळीतून ओढून यंत्रापर्यंत नेला जातो, ते काम मोठ्या पंख्याचे असते. येथे हवेचा दाब नाममात्र असून वेग महत्त्वाचा असतो. पूर्वी मजूर डोक्यावरून कापूस वाहून नेत. केंद्र शासनाने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केल्यानंतर कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले आणि हवेने कापूस वाहण्याची पद्धत रुळली. वाटेतील सापळ्यात दगड, लोखंडाचे तुकडे खाली पडतात, हा तिचा आणखी एक लाभ. हे तुकडे पंख्यावर आदळून ठिणगी उडाल्यास तीच हवा आग पुढे नेते. म्हणून सापळा वेळेवर रिकामा करणे हे किरकोळ काम समजता येत नाही.

दुसरा प्रकार दाबलेल्या हवेचा. लोहाराचा भाता हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे रूप. भात्याची झडप हवा आत घेते, पण परत जाऊ देत नाही. कॉम्प्रेसरचे तत्त्वही हेच आहे. तो बाहेरची हवा ओढून तिचे आकारमान साधारण सातव्या-आठव्या हिश्शावर आणतो आणि टाकीत साठवतो. युरोपात आल्प्स पर्वतातील फ्रेज्यूसचा रेल्वे बोगदा खोदताना १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली गेली, तेव्हा या शक्तीची मोठी प्रचीती आली. महाराष्ट्रात पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीची स्थापना १९५८ मधील. वाशीम स्थानकात गाडी थांबताना येणारा 'फुस्स' आवाजही दाबलेल्या हवेचाच. रेल्वेच्या ब्रेकची गंमत अशी, की नळीतील हवा गेली तर ब्रेक सुटत नाही, उलट लागतो.

कारखान्यात टाकीतून निघालेली हवा प्रथम गाळणीतून जाते, मग नियामक तिचा दाब ठरवतो आणि गरजेनुसार तीत तेलाचा सूक्ष्म तुषार मिसळला जातो. या तिहेरी जोडणीला कामगार 'एफआरएल' म्हणतात. पुढे येतो व्हॉल्व्ह. पाच तोंडे आणि दोन स्थिती असलेल्या व्हॉल्व्हला 'फाइव्ह-टू' असे नाव आहे. एका तोंडातून हवा आत येते, दोन तोंडे सिलिंडरच्या दोन टोकांना जोडलेली असतात आणि उरलेली दोन वापरलेली हवा बाहेर सोडतात. स्थिती बदलली, की सिलिंडरमधील दट्ट्या पुढचा मागे येतो.

दट्ट्याचे बळ काढण्याचा हिशेब शाळकरी आहे : दाब गुणिले क्षेत्रफळ. सिलिंडरचा आतील व्यास ५० मिलिमीटर असल्यास क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर होते. ६ बार दाबाला तो सुमारे १२० किलो वजनाइतका जोर लावतो. परतताना दांड्याची जागा वजा होत असल्याने जोर थोडा कमी भरतो. पोते भरण्याच्या यंत्राचे दार उघडझाप करण्यास एवढा जोर पुष्कळ झाला. मात्र १७० किलोची रुईची गाठ दाबण्यास तो अगदीच अपुरा पडतो, म्हणून प्रेस तेलाच्या दाबावर चालतो. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. हवेचे गुण आणि दोष या एका वाक्यात आले.

चपळाई हा हवेचा खरा गुण. डाळ मिलमधील रंग-निवड यंत्रात घरंगळणाऱ्या प्रत्येक दाण्यावर कॅमेरा नजर ठेवतो आणि काळपट दाणा दिसताच हवेचा बारीक झोत तेवढाच दाणा बाजूला उडवतो. हातनिवडीत असा वेग शक्य नाही.

पाणी हा या यंत्रणेचा जुना शत्रू. पावसाळी दमट हवेत, ३० अंश तापमानाला दर घनमीटरमागे २४ ग्रॅम बाष्प असू शकते. मिनिटाला एक घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर आठ तास चालल्यास टाकीत व नळ्यांत नऊ लिटरांहून अधिक पाणी जमते. ते रोज काढले नाही, तर व्हॉल्व्ह गंजतात, चिकटतात आणि नेमक्या हंगामात यंत्र थांबते.

गळती त्याहून महागात पडते. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचे एक छिद्र तीन ते चार किलोवॉट वीज वाया घालवते, म्हणजे तासाला तितके युनिट. ती मोजण्यास उपकरण लागत नाही. सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू ठेवावा. दहा मिनिटांत तो दोन मिनिटे हवा भरत असेल, तर त्याच्या क्षमतेच्या २० टक्के हवा गळत आहे. जागा शोधण्यास साबणाचे पाणी पुरते. गळती न शोधता दाबच वाढवून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. त्याने गळतीही वाढते आणि बिलही.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षेची. वीज बंद केली म्हणजे यंत्र निर्जीव झाले, असे नव्हे. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा तशीच असते. अडकलेले पोते काढण्यास हात घातला आणि अडथळा दूर झाला, तर दट्ट्या सुटून हात चिरडतो. म्हणून आधी मुख्य झडप बंद करून कुलूप लावणे, नंतर उरलेली हवा सोडणे आणि दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करणे, हा क्रम पाळावा लागतो. अंगावरील रुईची धूळ हवेच्या झोताने झटकण्याची सवयही घातक आहे. हवा जखमेतून रक्तात शिरू शकते. हवेच्या टाकीसारख्या दाबयंत्रांसाठी कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३१ मध्ये स्वतंत्र तरतूद होती.

आयटीआयच्या दोन वर्षांच्या फिटर अभ्यासक्रमात हा विषय समाविष्ट आहे. प्रशिक्षणार्थी प्रथम एकच सिलिंडर पुढे-मागे चालवतो. त्यानंतर दोन सिलिंडर ठरलेल्या क्रमाने हलवण्याचा सराव असतो : पहिल्याने पोते पकडावे, दुसऱ्याने दार उघडावे, दार मिटल्याशिवाय पहिल्याने पोते सोडू नये. आकृतीत हवेचा स्रोत खाली आणि सिलिंडर वर काढण्याची प्रथा आहे, त्यामुळे ती तळाकडून वर वाचतात. वेग कमी करावयाचा झाल्यास सिलिंडरमध्ये येणारी हवा न आवळता बाहेर पडणारी आवळावी, हे नवशिक्याला सहसा उलटे वाटते. येणारी हवा आवळली, तर दट्ट्या धक्के खात चालतो. बाहेर जाणारी आवळली, की समोरील हवेचा टेकू मिळून तो संथ सरकतो.