‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’

आजची गोष्ट माझ्याच एका चुकीपासून सुरू करते.

रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी नोकरीला लागले, तेव्हा शिवण शिकवणाऱ्या एक बाई माझ्या शेजारी बसत. चापूनचोपून नेसलेली साडी, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं अस्सल अलिबागकडचं. आडनावाच्या शेवटी ‘कर’. पहिलं नाव मात्र मला ख्रिस्ती वाटलं. मी मनाशी ठरवून टाकलं आणि डिसेंबरात त्यांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनी हसून घेतल्या. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी बाई हळूच म्हणाल्या, “अगं, आम्ही ख्रिस्ती नाही. आम्ही बेने इस्राएल. ज्यू.”

मी ओशाळले, पण तेवढ्यावर थांबले नाही. लगेच विचारलं, “म्हणजे तुम्ही मूळच्या इथल्या नाही?”

बाई म्हणाल्या, “आमच्या कितीतरी पिढ्या याच मातीत गेल्या. मूळ म्हणजे आणखी किती खोल लागतं गं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

बेने इस्राएल समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगतात. फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा हा वंश. हे लोक कोकणातल्या गावागावांत राहिले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. पेणचे ते पेणकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर झाले. जुन्या हिंदी सिनेमांतले डेव्हिड तुम्हाला आठवत असतील. ‘बूट पॉलिश’मधले प्रेमळ जॉनचाचा. त्यांचं आडनाव चेऊलकरच.

शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनी एवढंच पाहिलं आणि नाव ठेवलं, ‘शनवार तेली’. त्यात वाईट हेतू नव्हता. पण हे शनिवार का पाळतात, ते विचारण्याआधीच नाव पडलं होतं.

मुंबईतही तसंच. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली तिथे बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं, असं सांगतात. आपल्याला जे ओळखीचं, त्याच खणात आपण दुसऱ्याला बसवतो.

याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड. जन्म १८९०चा. बायकांनी डॉक्टर होणं दुर्मिळ होतं त्या काळात त्या लंडनला जाऊन शिकून आल्या. १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कामा रुग्णालय बायका-मुलांचं. डॉक्टरीणबाई मूळच्या कुठल्या, हे कळा देणारी बाई कशाला विचारेल?

आता गोष्टीचा दुसरा भाग. १९४८ साली इस्राएल देश झाला. बेने इस्राएलांतली पुष्कळ कुटुंबं हळूहळू तिकडे गेली. वाटलं, तिथे तरी कोणी ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारणार नाही. पण तिथे युरोपातून आलेले ज्यू होते. सावळ्या रंगाचे, साडी नेसणारे, मराठी बोलणारे हे लोक ज्यू कसे, असं तिथल्या अनेकांना वाटे. कामावर, शेजारात हेच. इथे आपण ‘मूळचे बाहेरचे का’ विचारत होतो, तिथे त्यांना ‘हिंदी’ म्हणत होते. काही जण इतके दुखावले, की भारतात परत पाठवा म्हणून १९५१ साली धरणं धरून बसले. पुढच्या वर्षी त्यांना परत आणलं गेलं.

खरा घाव पुढे बसला. इस्राएलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मगुरूंमार्फतच लागतात. तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या मंडळाने १९६२ साली नियम काढला: बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न असेल, तर आधी चौकशी करायची. आई कोण, आजी कोण, तिची आई कोण, जमेल तितकं मागे जायचं. ज्यूपण आईकडून मोजतात ना, म्हणून. मैत्रिणींनो, विचार करा. लग्न ठरलेल्या पोरीने पणजीचा पुरावा कुठून आणायचा? कोकणातल्या खेड्यात घाणा चालवणाऱ्या बाईचं लग्न कोणी कागदावर लिहून ठेवलं असेल?

पण हे लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी निदर्शनं केली, १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला खास बैठक घ्यावी लागली. बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असं सरकारने जाहीर केलं. धर्मगुरूंनाही नियमातून त्यांचं नाव काढावं लागलं.

मला यातून एक कळलं. शेजारणीने सहज विचारलेला प्रश्न आणि कचेरीतल्या माणसाने विचारलेला प्रश्न, दोन्ही एकाच जागी उगवतात. ‘ही आपल्यासारखी दिसत नाही, मग ही कोण?’ शेजारीण विचारते तेव्हा मन दुखतं. त्याचा नियम होतो तेव्हा पोरीचं लग्न अडतं.

आपल्या गटांतही हे होतं. ऊसतोडीला आलेली बाई, परप्रांतातून आलेली सून, पारधी वस्तीवरची मैत्रीण. नाव ऐकलं, चेहरा पाहिला, की आपण तिचा खण ठरवतो. मग कर्जाच्या वेळी, सही करायच्या वेळी, तिलाच एक कागद जास्त मागतो. पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा एवढं पाहा: जो कागद तिच्याकडे मागितला, तो सगळ्यांकडे मागितला होता का?

त्यानंतर मी बाईंना नाताळच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. “बाई, तुमचा सण कधी असतो?” असं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. पुढे त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा त्या डब्यात मलिदा घेऊन आल्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. मी म्हटलं, “हे तर आपलेच पोहे!”

बाई हसल्या. “मग कोणाचे असणार?”