स्वदेशी आगबोटींची कहाणी

तुतिकोरिन हे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील बंदर आपणां मराठी श्रोत्यांच्या फारसे परिचयाचे नाही. मिठागरे, मोती काढणारे पाणबुडे आणि कोलंबोकडे जाणारी जलवाट, एवढीच त्याची ख्याती. परंतु व्यापारी संस्थेला ध्येय असले म्हणजे काय होते, याचा विचार करू लागलो की मला प्रथम या बंदराचीच आठवण होते.

त्या काळी तुतिकोरिन-कोलंबो मार्गावरील वाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या बलाढ्य कंपनीच्या मुठीत होती. 1906 साली व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै या चौतिशीतल्या वकिलाने तिच्याविरुद्ध ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ उभी केली. पिळ्ळै हे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे देशभर वाहत होते खरे. पण कापडाची होळी करणे निराळे आणि आगबोट चालविणे निराळे. भांडवल 10 लाख रुपयांचे ठरले आणि त्याचे 25 रुपयांचे एक याप्रमाणे 40 हजार भाग काढण्यात आले.

या कंपनीचे उद्देश वाचण्यासारखे आहेत. सरकारी नोकरीत उद्देशांचे मसुदे पुष्कळ वाचावे लागतात आणि त्यांतले बहुतेक वाचताक्षणीच विसरले जातात. येथे मात्र नफ्याच्या जोडीला असे म्हटले होते की, पौर्वात्य लोकांना नौकानयनाची कला शिकवावी, त्यांना जहाजांवर कामे द्यावीत, जहाजबांधणीचे शिक्षण द्यावे. भाग विकत घेणाऱ्या साध्या दुकानदारालाही आपला पैसा कशासाठी जात आहे, हे त्यावरून कळत होते. पांडित्तुरै तेवर या जमीनदारांनी अध्यक्षपद पत्करले, आणि कवी सुब्रह्मण्य भारती यांनी आपल्या ‘इंडिया’ पत्रातून कंपनीचा पुरस्कार केला.

आरंभी भाड्याच्या बोटींवर काम भागवावे लागले. पुढे 1907 साली ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन स्वतःच्या आगबोटी आल्या. प्रत्येकीत सुमारे 1300 साधे उतारू आणि 4000 पोती माल मावत असे. मग दरयुद्ध सुरू झाले. इंग्रज कंपनीने भाडे एका रुपयावर आणले, तेव्हा स्वदेशी कंपनीने ते आठ आण्यांवर आणले. अखेर प्रतिपक्ष उतारूंना फुकट नेऊ लागला आणि वर प्रत्येकाला एकेक छत्रीही देऊ लागला, असे सांगतात. एवढे असूनही लोक पैसे मोजून स्वदेशी बोटीत चढत होते. हा हिशेब कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत बसणारा नाही. कोलंबोस जाणारा मजूर किंवा किरकोळ व्यापारी हा काही श्रीमंत माणूस नव्हे. आठ आणे त्याला जड होते. तरी ते तो देत होता, कारण ती बोट त्याची आहे असे त्याला मनापासून वाटत होते.

1908 साली मात्र सारे फिरले. फेब्रुवारीत तुतिकोरिनच्या कोरल गिरणीत संप झाला. पिळ्ळै संपकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि मजुरांना वेतनवाढ मिळाली. मार्चमध्ये पिळ्ळै यांना अटक झाली. तिरुनेलवेलीत दंगल उसळली, आणि जुलैमध्ये त्यांना दोन जन्मठेपांची शिक्षा ठोठावण्यात आली. अपिलात ती कमी झाली. पण तुरुंगात या वकिलाला कोलू ओढावा लागला. कंपनी त्यांच्यामागे तीन वर्षे कशीबशी तगली. सरकारी रोष होता, तोटा होता, आणि ज्याच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले तो मनुष्य गजाआड होता. 1911 साली कंपनी मोडीत निघाली. एक बोट तर प्रतिस्पर्ध्याच्याच हाती गेली, असे म्हणतात. 1912 च्या डिसेंबरात पिळ्ळै सुटून आले तेव्हा बंदरात त्यांची एकही बोट नव्हती.

माझ्या मते दोष ध्येयाचा नव्हता. ते ध्येय एकाच माणसाच्या छातीत साठलेले होते आणि कारभार पाहणाऱ्यांपर्यंत पुरेसे झिरपले नव्हते, हा दोष होता. उतारूंना जे कळले ते संचालकांना पेलले नाही!

यानंतर आठ वर्षांनी मुंबईत याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा गाठ पडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेतली, सिंदिया कंपनी स्थापन केली, आणि 5 एप्रिल 1919 रोजी ती बोट लंडनकडे निघाली. पुन्हा दर कोसळले आणि पुन्हा तोटा आला. लॉर्ड इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दाखविली, तीही नाकारण्यात आली. अखेर 1923 साली करार झाला. दहा वर्षे बोटी किती ठेवाव्यात यावर त्याने मर्यादा घातली. वालचंदांना तो जाचकच वाटला. परंतु कंपनी जगली आणि 5 एप्रिल हा दिवस आज आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. तुतिकोरिनच्या बंदरालाही पुढे चिदंबरम् पिळ्ळै यांचेच नाव देण्यात आले.